बिऱ्हाड घेऊन निघालेलं यान



एरवी आपण इथे पापडाचं पीठ, पर्युषणातले नियम, सुनांच्या नोकऱ्या आणि आपले गुडघे यांबद्दल बोलतो. आजचा विषय वाचून हसाल. आज मी एका अंतराळयानाबद्दल लिहिणार आहे. तेही खरं नाही, टीव्हीच्या मालिकेतलं. पण त्या यानात माणसं बायकामुलांसह राहतात. बायकामुलं आली म्हणजे घर आलं, आणि घराबद्दल बोलायचा अधिकार आपला आहेच.

मालिकेचं नाव ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं ती अमेरिकेत चालली. आपल्यापैकी काहींना त्याआधीची जुनी स्टार ट्रेक आठवत असेल, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. त्या जुन्या यानात सव्वाचारशेच्या वर कर्मचारी होते, पण सगळे एकटे. घर कुठेतरी मागे पृथ्वीवर. नव्या मालिकेतल्या यानाचं नावही ‘एंटरप्राइझ’च, पण त्यात हजारावर माणसं आहेत आणि कर्मचाऱ्यांचं कुटुंब बरोबर आहे. नातू सुट्टीला जव्हारला आला की दुपारी लॅपटॉपवर ही मालिका लावून बसतो. खालची इंग्रजी अक्षरं वाचत वाचत मीही बघू लागले. त्याला लढाया आवडतात. मी मात्र मागच्या खोल्यांत काय चाललंय ते बघते.

तुम्हाला थोडक्यात सांगते. यानात शाळा आहे. एका भागात दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाला सांगतो की मला ते गणित शिकायचंच नाही, आणि बाप जसा सगळीकडचा बाप चिडतो तसाच चिडतो. डॉक्टरीणबाई विधवा आहेत, वयात येणारा मुलगा बरोबर आहे. दवाखाना सांभाळायचा आणि मुलावर डोळाही ठेवायचा. यानात केस कापायचं दुकान आहे आणि तिथला माणूस कापता कापता अखंड बोलतो. झाडांची बाग आहे. सगळ्यांनी संध्याकाळी एकत्र बसायची जागा आहे, तिथली बाई सगळ्यांचं ऐकून घेते आणि मोजकंच बोलते. वॉर्फ नावाचा एक रागीट शिपाईगडी आहे. त्याचा लहान मुलगा त्याच्याकडे राहायला येतो, तर हा एवढा शूरवीर शिक्षिकेची तक्रार ऐकताना पाचवीतल्या पोरासारखा उभा राहतो. सगळं ओळखीचं वाटलं ना?

मला सगळ्यात आवडलेलं जोडपं म्हणजे माइल्स आणि केइको. तो यंत्रांचा माणूस, आयरिश. ती जपानी, झाडांची अभ्यासक. यानातच त्यांचं लग्न होतं, आणि पुढे न्याहारीवरून कुरबूर सुरू होते. ती तिच्या माहेरच्या पद्धतीचं समुद्री शेवाळ वाढते, तो ताटाकडे बघत बसतो. मग तो सांगतो की माझी आई स्वतःच्या हातांनी स्वयंपाक करायची, खरं मांस शिजवायची. त्यावर केइको दचकते. तुझी आई खऱ्या मांसाला हात लावायची? ते कापायची? मी तिथे नातवाला थांबवलं आणि तेवढाच तुकडा परत लावायला सांगितला. परक्या देशातल्या मालिकेत, मांसाचं नाव काढल्यावर दचकणारी सून मी पहिल्यांदाच बघत होते.

झालंय असं की यानात स्वयंपाकघर जवळजवळ नाहीच. भिंतीत एक यंत्र आहे. त्याच्यापुढे पदार्थाचं नाव घ्यायचं की तो तयार होऊन समोर येतो. कप्तान पिकार्ड रोज त्यातूनच चहा मागवतात. अगदी पहिल्याच वर्षीच्या एका भागात यानावरचा अधिकारी पाहुण्यांना सांगतो की आम्ही आता जेवणासाठी जनावरं बाळगत नाही, मांस दिसतं ते यंत्रानं बनवलेलं असतं. नातू मला म्हणाला, “आजी, बघ, म्हणजे हे खाल्लं तर चालेल ना? कोणी मेलंच नाही.”

प्रश्न सोपा नाही. मी तो आमच्या शनिवारच्या स्वाध्यायात नेला. एकीचं म्हणणं, हिंसा झालीच नाही तर दोष कुठला? मग बटाटाही चालेल, कारण जमीन खणलीच नाही. दुसरीनं यशोधर राजाची आठवण करून दिली. ही कथा आपल्याकडे फार जुनी आहे, सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ रचलं ते याच कथेवर. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नसतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतात. कोंबडा पिठाचाच, पण मारण्याचा भाव खरा. त्या एका भावापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. यंत्रातलं मांस म्हणजे हा पिठाचा कोंबडाच की! जीव गेला नाही हे चांगलंच, पण जिभेला अजून मांसच हवं आहे. नातवाला मी एवढंच सांगितलं की पुण्याच्या हॉटेलात तू काय खातोस ते मी विचारत नाही, पण यानात गेलास तर वरण-भात माग.

चौविहाराचाही घोळ आहे. यानात सूर्य मावळणार कुठे? ही अडचण मात्र कल्पनेतली नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या खऱ्या अंतराळ स्थानकावरून चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय दिसतो. तिथली माणसं सूर्याकडे न बघता घड्याळावर झोपतात, जेवतात. आपण असतो तर आपणही घड्याळ लावून नियम पाळला असता. नियम सूर्यासाठी नसतो, आपल्यासाठी असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्यावर येते.

मी बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन सांगलीकडून जव्हारला आले ती थेट दुकानाच्या वह्यांवर बसले. त्यामुळे कुठलीही गोष्ट बघितली की तिचा खर्च कोणी उचलला हे डोक्यात येतं. त्या यानात पैसा चालत नाही म्हणे. ठीक आहे. पण पैसा नसला तरी खर्च असतोच. हजार माणसांना कामावर नेण्याऐवजी त्यांची कुटुंबंही न्यायची ठरवली, त्या दिवशी शाळा, शिक्षिका, सुईण, दवाखाना, बाग, संध्याकाळी बसायची जागा, सगळं यानाच्या नकाशात आलं. एवढंच काय, संकट आलं तर यानाचा वरचा मोठा तबकडीसारखा भाग सुटा होतो, त्यात मुलाबाळांना बसवून दूर पाठवतात आणि लढायचं असेल ते बाकीच्या भागातून लढतात. पहिल्याच भागात हे दाखवलं आहे. म्हणजे मुलं बरोबर न्यायची तर त्यांची काळजी नेणाऱ्यानं घ्यायची, हे गृहीतच धरलेलं.

आणि तरीही मुलं न्यावीत का, हा प्रश्न मालिकेतही मिटत नाही. कप्तान पिकार्डना मुलांसमोर अवघडल्यासारखं होतं, ते स्वतःच तसं सांगतात. १९८९ च्या एका भागात एक अधिकारी बाई कामगिरीवर गेलेली असताना जुन्या युद्धातल्या स्फोटकामुळे जाते. तिचा बारा वर्षांचा मुलगा यानात एकटा उरतो. बाप आधीच गेलेला. कप्तानांना त्याला ही बातमी सांगावी लागते. त्या दिवशी ते बोलून दाखवतात की अशा यानावर मुलं आणणं मला कधी पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्या एका भागात यान बिघडतं आणि हेच कप्तान तीन शाळकरी मुलांबरोबर लिफ्टमध्ये अडकतात. पाय मोडलेला. मुलं रडतात. ते मुलांना एकेक पदवी देतात, कामं वाटून देतात, आणि गाणं म्हणत सगळे वर चढतात. त्याच वेळी दुसरीकडे केइको बाळंत होत असते आणि सुईण म्हणून तिच्या नशिबी तो रागीट वॉर्फ येतो! हसून हसून पुरेवाट. पण दोन्ही भाग एकत्र आठवले की कळतं, कुटुंब बरोबर असणं हा धोकाही आहे आणि आधारही.

मैत्रिणींनो, असं बिऱ्हाड घेऊन निघणारं यान मी दरवर्षी बघते. आमच्या बाजारातून निघतं. दिवाळी झाली, भात, नागली, वरई घरात आली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून कुटुंबं निघतात. टेम्पोत, ट्रकमध्ये. गोधड्या, पातेली, कोंबड्या, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत काम. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. पावसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला बालमृत्यू झाले तेव्हा सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आमच्या तालुक्याचं नाव आलं होतं. त्यानंतर पुष्कळ योजना आल्या, २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हाही झाला. पण दिवाळीनंतरचे ते ट्रक काही थांबले नाहीत.

पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भट्टीचा माणूस आगाऊ रक्कम देऊन जातो. तिला उचल म्हणतात. ती फेडायला सगळं घर जातं. मजुरी हजार विटांच्या हिशेबानं. वह्या लिहिणाऱ्या बाईला हे लगेच कळतं : विटा मोजायच्या तर हात जितके जास्त तितकं बरं, आणि घरातला सगळ्यात स्वस्त हात मुलाचा. विटा उलटायच्या, सुकवायच्या, नाहीतर धाकट्याला सांभाळायचं म्हणजे आईचे हात मोकळे. इथेही पूर्ण कुटुंबच कामावर नेलं जातं. फक्त शाळा, दवाखाना, बाग नकाशात नाहीत. राहायला कच्च्या विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून केलेली खोपटी. त्या खोपटीला भोंगा म्हणतात.

आणि असं समजू नका की यावर उपाय फक्त अमेरिकन मालिकेतच सुचला. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात, १९५७ पासून कोसबाड. त्यांनी बघितलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरांमागे कुरणात असतात. मग त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलामागे कुरणात जाईल. पुढे वसईकडे वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा निघाल्या, उसाच्या फडांजवळ साखरशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्यानं मिळाला, त्यात वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत घेण्याची सोय आहे. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. म्हणजे नकाशा काढलेला आहे. यान त्याप्रमाणे बांधायचं राहिलं आहे.

आमच्याकडे दोन वर्षं धुण्याभांड्याला येणारी एक मुलगी म्हणू की बाई, असेल अठ्ठावीस-तीस वर्षांची. पावसाळाभर येते, दिवाळीनंतर भट्टीवर. तिची थोरली नऊ वर्षांची, चौथीत. वाचन स्वच्छ, पाढे पाठ. धाकटा दोन वर्षांचा. आधी थोरली आजीजवळ गावात राहायची. गेल्या श्रावणात ती आजी वारली. आता पोरीला कुठे ठेवायचं? हंगामी वसतिगृहाचं बघितलं, पण ते लांबच्या गावात. मी म्हटलं, “अगं, माझ्याकडे ठेव. खोली रिकामी आहे. शाळा पाच मिनिटांवर.”

ती भांडी विसळत होती. हात थांबवून म्हणाली, “काकी, तुमचा उपकार हाय. पण पोर नजरेआड झाली तर माझा जीव नाय लागायचा कामात. आजारी पडली तर मी कदी येणार? ती माझ्याजवळच बरी.” आणि थोडं थांबून, “तिला बी भाऊ लागतो.”

मला लगेच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चांगली शाळा, चांगलं जेवण, पंखा, सगळं देत होते मी. मग त्या कप्तानांचा प्रश्न आठवला. मुलांना धोक्याच्या जागी न्यावं का? शहाण्यासुरत्यांना वाटतं, मुळीच नको. पण तिथे राहणाऱ्या आईला विचारा. मुलं जवळ हवीत असं म्हणणारी आई अडाणी नसते. माझी स्वतःची सून आठ वर्षांच्या मुलाला हॉस्टेलला ठेवेल का? आपण ठेवू का? मग तिच्याकडून आपण तीच अपेक्षा कशी करतो, आणि न ठेवल्यास तिला शिक्षणाची किंमत नाही असं कसं म्हणतो? चूक मूल बरोबर नेण्यात नाही. नेल्यावर तिथे काहीच नसण्यात आहे.

म्हणून आम्ही दुसरं काम केलं. मी तिच्याबरोबर शाळेत गेले. गुरुजींनी कार्ड भरून दिलं. भट्टी कुठल्या गावाच्या हद्दीत आहे हे तिच्या नवऱ्याकडून नीट लिहून घेतलं, आणि त्या गावची जिल्हा परिषदेची शाळा शोधून काढली. भाचा भिवंडीला दुकानात बसतो, तो एका दुपारी जाऊन तिथल्या बाईंना भेटून आला. भट्टीपासून शाळा दोन किलोमीटर. मधे मोठा रस्ता.

होळीला आमच्याकडे सगळी माणसं गावी येतात. भट्टी असो नाहीतर बांधकाम, शिमग्याला पाड्यावर यायचंच. मायलेकी मला भेटायला आल्या. पोरगी उन्हानं काळवंडली होती, पण नव्या शाळेतली वही घेऊन आली होती. मी तारखा बघितल्या, सवयच आहे. नोव्हेंबरचे दिवस नाहीत. डिसेंबरात बऱ्याच तारखा आहेत. जानेवारीत एक आठवडा आहे, मग दहा दिवस कोरे, मग पुन्हा. कोऱ्या दिवसांचं विचारलं तर म्हणाली, “भावाला ताप होता. आई विटा पाडत होती.” मी बेरीज केली. होळीपर्यंत पंचेचाळीस दिवस. शाळेच्या हिशेबानं निम्मेसुद्धा नाहीत. पण कार्डाशिवाय शून्य असते.

धाकट्याला तासभर सांभाळणारं कोणी तिथे असतं तर ते कोरे दहा दिवस भरले असते. एक पाळणाघर, एक बाई. यानात ते पहिल्या दिवसापासून होतं.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत बांधकामाचा, लोखंड-सिमेंटचा, विटांचा व्यापार आहे. ठाणे, भिवंडी, वसई, कल्याणला राहणाऱ्या माझ्या वाचक मैत्रिणी पुष्कळ आहेत. अपरिग्रहावर आपण व्याख्यानं ऐकतो, जीवदयेला पैसे देतो, पांजरापोळाला चारा पाठवतो. फार चांगलं. त्याबरोबर एवढं करा. घरातल्या पुरुषांना विचारा की आपला माल कुठल्या भट्टीवरून येतो. एकदा तिथे जाऊन मुलं मोजा. वही-पेन वाटून फोटो काढायची घाई नको. आधी विचारा की जवळची शाळा कुठली, मुलं जातात का, रस्ता कोण ओलांडून देतं, धाकट्यांना कोण बघतं. शिक्षण हमी कार्ड आहे का हे विचारा, नसेल तर त्यांच्या गावच्या शाळेला फोन करा. एका दुपारचं काम आहे. आणि मालक ओळखीचा असेल तर सावलीची एक जागा आणि मुलं बघायला एका बाईचा पगार त्याच्याकडून मागा. विटांच्या हिशेबात तो फार नाही, मी मांडून बघितला आहे.

कोणी तसं केलं तर मला जरूर कळवा. ट्रक पुन्हा दिवाळीनंतर निघतील, तोवर आपल्या हातात सहा-सात महिने आहेत.

जय जिनेंद्र.